बातमीखाली नाव कोणाचं?



आजच्या गप्पांची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करणार आहोत. आम्ही म्हणजे द्वारकेच्या आसपास, भाभानगर, काठे गल्ली, वडाळा नाका इथं राहणाऱ्या आणि दर आठवड्याला या माईकसमोर बसणाऱ्या सहा जणी. गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. द्वारकेच्या सिग्नलला कडेवर मूल घेऊन उभी असलेली एक बाई. खाली लिहिलं होतं, ही मुलं पळवणाऱ्या टोळीतली आहे, लेकरं सांभाळा, सगळ्यांना पाठवा. आमच्यातल्या चौघींनी तो पुढे पाठवला. कोणी माहेरच्या ग्रुपवर, कोणी सोसायटीच्या, कोणी मुलांच्या शाळेच्या. वाईट हेतूनं नाही, काळजीपोटीच पाठवला.

दोन दिवसांनी आमच्यातल्याच एकीनं त्या बाईला ओळखलं. ती सिग्नलवर गाड्या पुसायची फडकी विकते. कडेवरचं मूल तिच्या लेकीचं. त्या दोन दिवसांत एकदा लोकांनी तिला घेरलं होतं. चौकातले एक पोलीसदादा मध्ये पडले म्हणून थोडक्यात निभावलं. आम्ही घाईघाईनं फोटो पुसला आणि ग्रुपवर 'हे खोटं आहे' असं लिहिलं. पण चौघींच्या हातून तो फोटो किती घरांत गेला आणि त्यातल्या किती घरांत आमची दुरुस्ती पोचली, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

पुढच्या बैठकीत यावरून बरीच वादावादी झाली. एक म्हणाली, "पेपरात असं छापून आलं असतं तर आपण संपादकाला जाब विचारला असता. आपल्याला कोण विचारणार?" दुसरी म्हणाली, "पेपरवाले तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? आपल्यासारख्यांचं ते कधी छापतात?" दोघींचंही खरं वाटलं. मग आम्ही ठरवलं की जरा मागे जाऊन बघू. पेपर आणि पेपराबाहेर स्वतःच्या हिमतीवर लिहिणारे लोक, यांच्यात हे भांडण पहिल्यांदाच होतंय का? वाचायला लागलो तेव्हा कळलं, ब्लॉग आणि मोबाईल नवे असले तरी भांडण जुनं आहे.

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी काढलं. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी. आजही ६ जानेवारी आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' निघालं. त्यात १८४८ पासून एका माणसाची पत्रं छापून येऊ लागली. जातीचा गर्व, विधवांचे हाल, पोथीतला अडाणीपणा यांवर ती सडकून लिहिलेली असत. खाली नाव असे 'लोकहितवादी'. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकरीतले गृहस्थ. आज टोपणनावानं ब्लॉग लिहावा तसाच तो प्रकार. पण एक फरक होता. वाचकाला लेखक ठाऊक नसला तरी संपादक ठाऊक होता. शिव्या द्यायच्या तर भाऊ महाजनांना देता येत होत्या.

हा फरक पुढे कायद्यातही आला. आज घरी गेल्यावर कुठलाही पेपर घ्या आणि तळाशी बारीक अक्षरात असलेली ओळ शोधा. मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, छापखान्याचा पत्ता अमुक. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानं ही ओळ सक्तीची केली. इंग्रज सरकारला छापणाऱ्यांवर नजर ठेवायची होती, वाचकांचं भलं करायचं नव्हतं. तरी त्यातून वाचकाच्या हाती एक पत्ता आला. चूक झाली तर कुठल्या दारावर जायचं, ते कळलं. अलीकडे त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानं घेतली आहे.

आता आमच्या दुसऱ्या मैत्रिणीचा मुद्दा. पेपर आपलं छापतात कुठे?

१८५५ मध्ये मुक्ता साळवे नावाच्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत ती शिकत होती. तो छापला मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं. म्हणजे आपल्या मुलीचं दुखणं छापायला मिशनऱ्यांचा कागद लागला.

पुढे १८८२. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला. फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. त्यावरून पेपरांत बायकांच्या चारित्र्यावर लेख येऊ लागले. बाई म्हणजे कशी पापाची खाण, वगैरे. हे वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांनी संपादकाला पत्र लिहिलं नाही. त्यांनी सरळ स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतलं. तेच 'स्त्रीपुरुष तुलना'. बायकांना जे दोष लावता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. ते एकच पुस्तकही विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा छापलं.

मैत्रिणींनो, यात आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हे की ताराबाईंनी पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं. त्या काळी एका बाईनं, पुरुषांच्या पेपरांविरुद्ध, सही करून लिहिलं.

आता त्याच १८८२ सालातली दुसरी गोष्ट. ही पेपरांच्या बाजूची आहे. आदल्या वर्षीच, १८८१ च्या जानेवारीत, पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले होते. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघंही पंचविशीतले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना, चौथ्या शिवाजींना, वेडे ठरवून त्यांचे हाल केले जातात अशी तेव्हा मोठी चर्चा होती. दोष दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर येत होता. या पेपरांच्या हाती काही पत्रं आली. ती खरी मानून त्यांनी दिवाणांवर आरोप छापले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट निघाली.

टिळक-आगरकरांनी माफी मागितली. पण शिक्षा टळली नाही. चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिलं. आणि एक गोष्ट आवर्जून सांगायची. खटल्याच्या वेळी त्यांना जामीन राहिले ते जोतीराव फुल्यांच्या परिचयातले रामशेठ उरवणे. विचारांचे मतभेद होतेच, पण लिहिणारा अडचणीत आल्यावर मदतीचा हात पुढे आला.

या गोष्टीचा शेवट चटका लावणारा आहे. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, ते तरुण महाराज अहमदनगरला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर वारले. म्हणजे 'या मुलाचं काहीतरी वाईट चाललंय' ही लोकांची शंका काही हवेतली नव्हती. पण हातातला पुरावा खोटा होता, आणि ज्या माणसाचं नाव घेऊन आरोप केले ते त्या पुराव्यावर उभे होते. शंका खरी असली म्हणून कागद खरा होत नाही. आम्ही फोटो पाठवला तेव्हा आमचीही काळजी खरीच होती. मुलं पळवली जातात, हे खोटं नाही. पण ती बाई पळवत नव्हती.

मग नाव झाकून लिहिणं नेहमीच वाईट का? तसंही नाही. १८८५ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीनं दोन पत्रं आली. एक बालविवाहावर, दुसरं विधवांवर लादलेल्या जिण्यावर. लिहिणाऱ्या होत्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या आणि मोठेपणी नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिलेल्या. त्यांच्यावर कोर्टात खटला चालूच होता. 'केसरी'सकट अनेक पेपरांनी त्यांच्यावर टीका केली. १८८७ मध्ये कोर्टानं नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

रखमाबाईंनी नाव झाकलं ते स्वतःचं दुःख सांगताना. आमच्या ग्रुपवरच्या फोटोखाली नाव नव्हतं ते दुसऱ्यावर आरोप करताना. या दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत. दुबळ्यानं आपलं दुखणं सांगताना आडोसा घेतला तर तो समजून घ्यावा. दुसऱ्याच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला मात्र आडोसा मिळू नये.

आता आपल्या नाशिकजवळची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढलं. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. ज्यांचं कोणी छापत नाही, त्यांनी आपला पेपर काढायचा, हाच त्यांचा मार्ग होता. पण पेपर चालवायला पैसा लागतो. २ मार्च १९३० रोजी इथं पंचवटीत, द्वारकेपासून रिक्षानं थोड्या अंतरावर, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा त्यांचं 'बहिष्कृत भारत' आदल्या वर्षी बंद पडलं होतं, आणि 'जनता' त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघायचं होतं. एवढा मोठा लढा सुरू होताना आपला आवाज छापायला आपला पेपर नव्हता. हे वाचल्यावर आम्हाला मोबाईलवर, ब्लॉगवर फुकट लिहिता येण्याचं मोल कळलं. त्या दिवशी पंचवटीत उभ्या असलेल्या बायांच्या हाती तो असता तर काय झालं असतं!

आता थेट आपल्या काळात येऊ. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. आपण सगळ्याच जणी तीन दिवस टीव्हीसमोर होतो. नेदरलँड्समध्ये राहणारे एक मराठी गृहस्थ, चैतन्य कुंटे, तेही बघत होते. दुसऱ्याच दिवशी, २७ नोव्हेंबरला, त्यांनी आपल्या ब्लॉगवर या थेट प्रक्षेपणावर कडक टीका लिहिली. एनडीटीव्ही आणि तिच्या पत्रकार बरखा दत्त यांच्यावर त्यांचा रोख होता. वाहिनीनं त्यातली विधानं बदनामीकारक असल्याचं सांगून कायद्याचा मार्ग धरला. २६ जानेवारी २००९ रोजी कुंट्यांनी तो मजकूर मागे घेतला आणि बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. योगायोग असा, की 'प्रभाकर'च्या भाऊ महाजनांचं आडनावही कुंटेच.

यात कोण बरोबर, याचा कोर्टात कस लागलाच नाही. त्यामुळे आम्ही निकाल देणार नाही. पण दोन गोष्टी दिसतात. एक, ब्लॉग लिहिणारा एकटा असतो. त्याच्यामागे वकील नाही, संपादक नाही, जामीन राहणारे रामशेठ नाहीत. त्यामुळे कोणावर नाव घेऊन आरोप करायचा तर प्रत्येक वाक्याचा पुरावा त्याच्याच खिशात हवा. दुसरी, थेट प्रक्षेपणाबद्दलचा मूळ प्रश्न काही वेडगळ नव्हता. कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही त्या दिवसांतल्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत नापसंती दाखवली. हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणारे लोक तेच टीव्हीवर बघत होते, म्हणून. तो ठपका कोणा एका वाहिनीपुरता नव्हता. पुढे २०१५ मध्ये अशी कारवाई चालू असताना थेट दाखवायला नियमानं बंदी आली. म्हणजे मोठ्या माध्यमांनाही नीती बाहेरून टोचल्यावर सुचते.

आणि त्यांना टोचायची गरज असते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत अक्षरशः एकच स्तुतीचा मजकूर बातमी म्हणून आला होता. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. जाहिरात असेल तर 'जाहिरात' असं लिहावं लागतं, एवढी साधी गोष्ट. पण मोठं नाव, मोठा छापखाना, तळाशी ती बारीक ओळ, हे सगळं असूनही वाचकाला फसवता येतं.

मग पोलिसांनीच सगळं बघावं का? त्याचाही अनुभव आपल्या राज्यानं घेतला आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं मुंबई बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीनं फक्त लाईक केलं होतं. ज्या कलमाचा तेव्हा वापर झाला, ते ६६अ, सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्दच केलं. काठी हातात असली की ती आधी गरिबाच्या नाहीतर पोरीबाळींच्या पाठीवर पडते.

आणि कोणीच काही बघितलं नाही तर काय होतं? मैत्रिणींनो, हे सांगताना आमचा आवाज अडखळतो. १ जुलै २०१८, रविवार. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा मोबाईलवर फिरत होत्या. सोलापूरकडून भिक्षुकी करत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं उतरले होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. त्याच रात्री आपल्या मालेगावातही जमावानं अशाच संशयावरून काही लोकांना घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याला पोचलेली अफवा कोणत्या पेपरानं छापली नव्हती. ती तुमच्याआमच्यासारख्यांनी, लेकरांच्या काळजीनं, पुढे पाठवली होती. आमचा फोटो आणि तो मेसेज यांत फरक एवढाच, की इथं पोलीसदादा वेळेवर मध्ये पडले.

म्हणून आम्हाला वाटतं, पेपर चांगला की ब्लॉग चांगला, हा प्रश्नच थोडा चुकलाय. ताराबाई पेपराबाहेरच्या होत्या, आणि खऱ्या होत्या. टिळक-आगरकर पेपराचे होते, आणि तरी फसले. विचारायचं ते एवढंच, की या मजकुरामागे उभं कोण आहे? तो खोटा निघाला तर दुरुस्ती कोण करणार, आणि ती कुठवर पोचणार?

आपल्या या सामुदायिक रेडिओला सरकारी नियमानुसार स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तरीही आम्ही आमच्यापुरते चार नियम घालून घेतले आहेत, फोनसाठीही. पहिला, आपल्याला हे कोणी सांगितलं ते ठाऊक नसेल तर पुढे पाठवायचं नाही. 'ग्रुपवर आलं' हे उत्तर चालणार नाही. दुसरा, कोणावर आरोप असेल तर त्या माणसाला आधी विचारायचं, नाहीतर विचारू शकेल अशा कोणाला तरी. तिसरा, पाठवायचं तर खाली स्वतःचं नाव लिहायचं. नाव लिहायला हात कचरला, तर मजकुरातच काहीतरी खोट आहे असं समजायचं. चौथा, चूक झाली तर जिथं जिथं चूक गेली तिथं तिथं दुरुस्ती पाठवायची. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात नाही.

आम्ही त्या फडकी विकणाऱ्या मावशींना भेटायला गेलो. पुलाखाली रिक्षांच्या गर्दीत त्या उभ्या होत्या. आम्ही म्हटलं, रेडिओवरून तुमची माफी मागतो, तुमचं नाव सांगून. त्या म्हणाल्या, "नाव नका घेऊ. फोटो फिरला तेवढा पुरे. ज्यांना पाठवला त्यांना सांगितलंत का?"

आम्ही घरी येऊन वहीत यादी केली. कोणी कोणत्या ग्रुपवर फोटो पाठवला, तारखेसकट. एकूण अकरा ग्रुप निघाले. अकराही ठिकाणी आमच्या नावानिशी दुरुस्ती टाकली. त्यातल्या दोन ग्रुपवर लोकांनी उलट विचारलं, "मग आम्ही ज्यांना पाठवला त्यांचं काय?" आम्ही म्हटलं, तुम्हीही यादी करा.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा मेसेज असेल, तर आज रात्री झोपायच्या आधी यादीला बसा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.